डोंगरामागची सायकल

परवा जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या श्रेयाने मला अडवलं. तिने नवी सायकल घेतली आहे, आयुष्यातली पहिली, आणि वळताना ती अजून ओठ दातांत धरते. "काकू, तुम्ही इथल्या जुन्या ना? सायकलचं एखादं चांगलं दुकान सांगा ना जवळपास. दोन ठिकाणी नेली, दोघांनी दोन वेगळीच दुखणी सांगितली." मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि "सांगते हं विचार करून" म्हणून वर आले. विचार करण्यासारखं काही नव्हतं. मला राग आला होता. तिचा नाही. एवढ्या इमारती झाल्या, पूल झाले, तरी हा प्रश्न अजून तिथेच उभा आहे, याचा.

गॅलरीचं दार उघडलं तर थंडी आत आली. वसईची थंडी ती केवढीशी, नाशिककडच्या लोकांनी हसावं अशी. पण तिला वास आहे. भात कापून झालेल्या शेतांचा कोरडा वास, समुद्राकडून वाऱ्यावर येणारा सुक्या मासळीचा वास, आणि नाताळ जवळ आला की पापडी गावाकडे घराघरांत कागदी चांदण्या चिकटवायला केलेल्या खळीचा वास. माझ्या नाकात या सगळ्यांत आणखी एक वास मिसळलेला आहे, तो ग्रीसचा. एका हिवाळ्यात तो माझ्या बोटांना असा चिकटला की भाकरीच्या घासालाही लागायचा. लिंबू चोळलं, राख लावली, खोबरेल तेल लावलं. आजही थंडी पडली की मी नकळत बोटं हुंगते.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. दादरच्या दोन खोल्या सोडून आम्ही माणिकपूरला फ्लॅट घेतला होता. फ्लॅटला हवा होती, उजेड होता, गॅलरी होती, फक्त पाणी नव्हतं. ते पहाटे खालच्या नळाला यायचं आणि कधी यायचं ते त्याच्या मर्जीवर. नवऱ्याची पहिली पाळी, तो तेव्हा घराबाहेर पडलेला असायचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले. म्हणजे बादल्या मीच भरायच्या. आणि त्याच हिवाळ्यात मला पापडीच्या बालवाडीत नोकरी लागली होती. चर्चची शाळा ती; तिथल्या मुख्य सिस्टर म्हणाल्या होत्या, "नाताळपर्यंत बघू, जानेवारीत कायमचं ठरवू." लग्नानंतर सहा वर्षांनी मला कोणीतरी घराबाहेरचं काम दिलं होतं. माझ्या दोन वर्षांच्या मुलीला सांभाळायचं सासूबाईंनी कबूल केलं होतं, पण "बघू, किती दिवस निघतायत" अशा सुरात. ती नोकरी मला किती हवी होती ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दृष्ट लागेल असं वाटायचं.

पाणी भरून होणं आणि शाळेचं दार उघडणं, या दोहोंमधला वेळ चालणाऱ्या बाईला पुरणारा नव्हता. रिक्षा होत्या, पण सकाळी सगळं जग स्टेशनकडे यायचं. पापडीकडे जाणारी मी एकटी. स्टँडवरचा रिक्षावाला सांगायचा, "ताई, अजून दोन सीट येऊ द्या." त्या दोन सीट कधी आल्याच नाहीत. मग मी ठरवलं, सायकल.

मला सायकल येत नव्हती. चाळीत वाढलेल्या मुलीला सायकल कशाला यावी? आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर, तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीवर मी शिकले. गवतात पडले, डबक्यात पडले, एकदा शेजारच्या काकांच्या वाळत घातलेल्या लुंगीत अडकले. सासूबाई गॅलरीतून बघायच्या. मी म्हणाले, "हँडल वाकडं आहे." त्या म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." पण दिवाळीपर्यंत मला तोल सापडला, आणि विरारच्या फुलपाड्यात राहणाऱ्या नवऱ्याच्या मावसभावाने तिकडच्या एका दुकानातून मला लेडीज सायकल मिळवून दिली. हिरवी होती. आधी कोणीतरी वापरलेली, पण साखळीवर पत्र्याचं पूर्ण झाकण असलेली, म्हणजे साडी अडकणार नाही. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "काही झालं तर बिनधास्त घेऊन या."

काहीतरी झालंच. पापडीच्या अलीकडे रस्त्यावर एक मोरी होती, ओढ्यावरचा छोटा पूल. तिच्यासाठी रस्ता जरासा चढायचा आणि उतरायचा. त्या चढावर पायाला जोर लावला की आत खर्रर्र असा आवाज व्हायचा, पाय एकदम हलके व्हायचे, आणि मी कठड्याला हात लावून उभी. चेन उतरलेली. उघडी चेन असती तर काडीने चढवली असती. माझी झाकणाच्या आत. झाकणाला स्क्रू, स्क्रूला गंज. बाजूने केळीचे घड लादलेल्या सायकली कुरकुरत जायच्या, दुधाचे कॅन जायचे, एक म्हातारे गृहस्थ रोज टोपी उचलून "देव बरे करो" म्हणून जायचे. मी सायकल हातात धरून चालत सुटायची. शाळेच्या फाटकाबाहेर बारकी बारकी मुलं डबे गळ्यात अडकवून रस्त्यावर उभी असायची, कारण बालवाडीच्या दाराची चावी माझ्याकडे होती.

मग सुरू झाली दुकानांची परिक्रमा. माणिकपूरचं दुकान सगळ्यात जवळचं. मालक भला माणूस होता, फक्त त्याला बायकांशी बोलता येत नव्हतं. मी चेनचं सांगत असताना तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायचा. शेवटी म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." मी म्हटलं, "साहेबांना सायकल येत नाही." हे खरं होतं. पण त्याला ती थट्टा वाटली आणि तो मोठ्याने हसला. रविवारी साहेब गेले. दोघांनी चहा घेतला. घरी येऊन नवरा मला गंभीरपणे म्हणाला, "तो म्हणतो, तू पाय फार जोरात मारतेस." ज्या माणसाने जन्मात पेडल फिरवलं नाही त्याच्या तोंडून ते ऐकताना मी लाटणं खाली ठेवलं.

मग फुलपाडा. हमी दिली होती ना त्याने. पण हमी फुलपाड्यात आणि सायकल माणिकपुरात. कोणाचं तरी कपाट विरारला चाललं होतं, त्या टेम्पोत कपाटाशेजारी सायकल आणि सायकलीशेजारी मी, अशी वरात निघाली. दुकानदाराने सायकल उलटी केली, हाताने पेडल फिरवलं. चेन मजेत फिरली. "काही नाही झालेलं, भाभी," तो म्हणाला. मी म्हटलं, "बसल्यावर उतरते. चढावर उतरते." तो म्हणाला, "मग चढावर उतरून घ्यायचं." आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच आहे, पण जळणाऱ्याने दर वेळी जगाला हात भाजून दाखवायचा की काय?

तिसऱ्या दुकानाने माझं सगळं ऐकून घेतलं. अगदी मान डोलावून. संध्याकाळी गेले तर सायकल ओळखू येईना. पुढे टोपली, हँडलला रंगीत झालरी, नवी घंटा, आणि एक गोल आरसा, निकेलच्या कडेचा. "आता बघा कशी दिसते," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मोरीवर चेन उतरली. आरशात मला माझा चेहरा दिसला. कपाळाला घाम, गालाला ग्रीस. तो आरसा उपटून मोरीखालच्या पाण्यात फेकावासा वाटला. फेकला नाही, एवढंच.

सिस्टर रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "टीचर, मुलं तुमच्याकडे रडत नाहीत, ते मला दिसतं. पण ती रस्त्यावर उभी राहतात. उद्या एखादं धावलं तर?" मलाही रात्री तेच दिसायचं.

बस्त्याव मला मोरीवरच भेटला. तोही सायकलीवरून चालला होता, उंच काळ्या दांडीच्या सायकलीवरून, मागे कॅरिअरला बांबू बांधलेले. तो उतरला आणि विचारलं, "टीचर, रोज हितंच?" मी रडकुंडीला आले होते, म्हणून ओरडले, "रोज इथेच. आणि मी पाय जोरात मारत नाही." तो म्हणाला, "मी कुटं म्हनलं?" त्याचं दुकान पापडीत, घराच्या पडवीतच. पाटी नाही. दारातल्या आंब्याला साखळीने पंप बांधलेला, ज्याला हवा भरायची त्याने आपली भरून घ्यावी. त्याने माझी सायकल उलटी केली नाही. म्हणाला, "चालवा. मी मागनं बगतो." इतक्या दुकानांत मला चालवायला सांगणारा तो पहिला. मी त्या अंगणात गोल गोल फिरले, कोंबड्या पळाल्या, त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि मला पहिल्यांदा वाटलं, मिळालं बाई दुकान.

त्याने काहीतरी ठोकलं, काहीतरी आवळलं. दुसऱ्या दिवशी मोरीवर चेन उतरली.

मी तावातावाने त्याच्याकडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि आता त्यालाच राग आला. माझा नाही, सायकलचा. "ठेवून जा," तो म्हणाला. "दोन दिस. आता हिला नाय सोडायची." नाताळला आठवडा होता. दोन दिवसांनी गेले तर म्हणाला, उद्या. उद्या गेले तर घरात नव्हता, चर्चमध्ये कागदी पताका लावायला गेला होता. मी धावत शाळेत जायची आणि उशिरा पोचायची. रस्त्यात प्रत्येक दारावर बांबूची चांदणी चढत होती, ओट्यांवर गूळ-खोबरं कुटलं जात होतं, आणि मी मनात सगळ्या पापडीशी भांडत चालले होते.

सुटी लागायच्या दिवशी, शाळेतला कार्यक्रम संपवून मी तडक बस्त्यावच्या घरी गेले. सायकल घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून. पडवीला कुलूप. मागल्या अंगणात गर्दी दिसली, त्यात माझ्याच वर्गातली पोरं. ती गोठा बघत होती. बाळ येशूच्या जन्माचा देखावा. गोणपाट मातीत बुडवून केलेले डोंगर, त्यांच्या पायथ्याशी टोपलीत पेरून उगवलेली नाचणीची हिरवीगार शेतं, गवताने शाकारलेली झोपडी, पुठ्ठ्याच्या गायी, आणि मधोमध एक विहीर. विहिरीवर केळीच्या वाड्यांमधून असतो तसा रहाट, खराखुरा फिरणारा. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची माळ खाली जायची, पाणी भरून वर यायची, पन्हळीत ओतायची, आणि पाणी नाचणीतून वाहत तळ्याकडे जायचं. तळ्यात कागदाची बदकं होती. तळं गोल होतं, निकेलच्या कडेचं. तो माझा आरसा होता.

मी डोंगराला वळसा घालून मागे गेले. तिथे माझी हिरवी सायकल डोकं खाली करून उभी होती. झाकण काढलेलं. जुन्या टेबलफॅनची मोटर पट्ट्याने पेडल फिरवत होती, चेन फिरत होती, मागचं चाक फिरत होतं आणि चाकावरून एक दोरी डोंगराच्या पोटात गेली होती.

"बस्त्याव, ही माझी सायकल."

"तुमचीच, टीचर. माझी कोन म्हनतं?" तो गुडघ्यावर बसून तेल घालत होता. चेहरा नुसता फुललेला. "बगा तरी. मागचं चाक तिरकं बसलेलं, सरळ केलं. कालपासनं फिरतेय. चेन एकदा पन उतरली नाय."

"मला ती आत्ता पाहिजे."

"सा जानेवारीला तीन राजांचा सन, तो होऊ द्या. लगेच घरी आनून देतो."

"शाळा त्याच्या आधी उघडते. मी काय करू?"

"माझी घेऊन जा." त्याने ती उंच काळी सायकल दाखवली.

"साडीत? त्या दांडीवरून?"

दुसऱ्या कोणाची सायकल तिथे का नाही लावत, असं मी विचारलं, तर म्हणाला, बाप्यांच्या सायकली उंच, डोंगरावर चाकं दिसतात, ही बुटकी म्हणून लपते. मग त्याने कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "टीचर, तुमच्या गनपतीत मखर मदीच मोडतात काय?"

आमच्या घरी एकदा मखराची नुसती एक काठी निसटली होती, तर सासूबाईंनी देवापुढे नाक घासलं होतं. पुढच्या बाजूने एक पोरगी ओरडून दुसरीला सांगत होती, "टीचरची सायकल हाय ती. टीचरची सायकल पानी काडते." मी हात लावला असता तर ते पाणी थांबलं असतं. मी हात लावला नाही. घरी चालत आले आणि सगळ्या वाटेवर मला वाटत होतं की मी केलं ते बरोबर आहे आणि त्यात माझं नुकसान आहे.

नुकसान झालं. शाळा उघडली, पाणी त्या आठवड्यात हट्टाला पेटल्यासारखं उशिरा आलं, मी पळत गेले, मुलं रस्त्यावर. सिस्टरांनी मला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. चर्चशेजारी राहणाऱ्या एका मुलीला त्यांनी माझ्या जागी घ्यायचं ठरवलं होतं. "तिचं घर भिंतीला लागून आहे," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून बसल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बस्त्यावचंही, तसं बघितलं तर, नव्हतं. कोणावर धड रागावताही येऊ नये, हा तर दुष्काळातला तेरावा महिना.

तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी बस्त्याव सायकल घेऊन माणिकपूरला आला. चालवत नाही, हाताने ढकलत. परक्याच्या सायकलीवर बसायचं नाही म्हणून. पुसून लखलखीत केलेली. आरसा जागेवर, त्याच्या कडेला नाचणीचं एक पान चिकटून राहिलेलं. मी खाली उतरले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या गोठ्यापायी माझी नोकरी गेली." त्याचा हात हँडलवरच राहिला. तो म्हणाला, "सिस्टरशी बोलू मी?" मी म्हटलं, "नको." त्याने सायकल स्टँडला लावली, एकदा पेडल उलटं फिरवून चेनकडे पाहिलं, आणि तसाच पापडीकडे चालत गेला. त्याची पाठ वळणाआड जाईपर्यंत मी तिथे उभी होते, आणि माझा राग तसूभरही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी अगदी वेळेवर आलं. बादल्या भरून झाल्या आणि मी साडी नीट करून चपला घातल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता कुठे?" मी म्हटलं, "फिरून येते." मुलीला त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. मी निघाले. मोरी आली. चढ आला. माझे पाय आपोआप थबकायला लागले, कान त्या खर्ररची वाट बघू लागले, आणि मी मुद्दाम, अगदी चिडून, होता नव्हता तो सगळा जोर पेडलवर घातला. चेन उतरली नाही. सायकल सरळ चढून पलीकडे उतरली. त्या क्षणी मला जेवढं रडू आलं तेवढं सिस्टरांच्या ऑफिसातही आलं नव्हतं. शाळेचं फाटक वेळेवर उघडलं होतं. आतून प्रार्थना ऐकू येत होती, माझीच पोरं, शेवटचा शब्द ताणून म्हणणारी. मी थांबले नाही. सरळ समुद्रापर्यंत गेले आणि वाळूत सायकल लोळवून बसले.

त्या सायकलीवर मी पुढे घरोघर शिकवण्या केल्या, पापडीपासून माणिकपूरपर्यंत, पुष्कळ वर्षं. तिची चेन पुन्हा उतरली नाही. हवा भरायला मी बस्त्यावच्याच आंब्याखाली जायची. आम्ही दोघं त्या नाताळविषयी बोललो नाही. तो दर डिसेंबरात एकदा माझ्या सायकलीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मी नुसती मान हलवायची, नाही. पंचक्रोशीत तेवढं एकच दुकान होतं जे सायकल नीट करायचं. बाकीचे वेळेवर द्यायचे आणि बिघाड तसाच ठेवायचे. वेळेवर आणि नीट अशी दोन्ही मिळणारी जागा मला सापडली नाही ती नाहीच. याची चीड मी कोणापुढे मांडावी तेही मला कधी कळलं नाही.

आज संध्याकाळी श्रेया वर आली. हाताच्या बोटांना ग्रीस. "काकू, विचार केलात?"

"पापडीला जा," मी म्हणाले. "पाटी नाही, आंब्याला पंप बांधलेला दिसेल. आता म्हाताऱ्या बस्त्यावचा पुतण्या बघतो. सायकल नीट करतात. पण आत्ता देऊ नकोस. नाताळ होऊ दे, तीन राजांचा सण होऊ दे, मग दे."

"मला सोमवारपासून पाहिजे हो काकू. नवी नोकरी आहे, आणि तिकडे बसच नाही सकाळची." तिने ते हसतच सांगितलं, पण बोलताना ओठ दातांत धरला, वळणावर धरते तसा.

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग आत जाऊन गॅस बंद केला, शाल घेतली आणि चपला घातल्या. "चल. मी येते बरोबर. आपण दोघी त्याच्या पडवीत बसू, आणि सायकल हातात आल्याशिवाय उठायचं नाही. मखर-बिखर काही सांगायला लागला तर तू गप्प बस, मी बोलेन."